मधले चार सेकंद

एरंडोल मागे पडलं होतं आणि अंजनीचा पूल कधी ओलांडला ते शालिग्रामला आठवत नव्हतं. मोटार नीट चालली होती. हात चाकावर होते, कडेने कडुनिंबाची झाडं येत होती, जात होती. पुढची कापसाची बैलगाडी डावीकडे सरून वाट देत होती आणि तिच्यावरचा गाडीवान वळून बघत होता, म्हणजे हॉर्न आपण दिलेला आहे. पण पूल? पुलावर चढताना पुढची चाकं एकदा दणकतात. तो दणका आठ वर्षं, रोज जाताना आणि येताना, त्याच्या मनगटात येत होता. आज तो आला की नाही हे त्याला सांगता येईना. त्याने चाक घट्ट धरलं आणि मागे न बघता कंडक्टरला विचारलं, "उखर्डूनाना, पूल गया का?" उखर्डूनाना साठीला आलेला माणूस, तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन पेंगत होता. "कोनता पूल?" "अंजनीना." "तो कोठे जाई? तठेच शे," नाना म्हणाला आणि पुढच्या बाकावरची माणसं हसली. शालिग्रामही हसला. त्याला आपलं हसणं ऐकू आलं आणि त्याने ते ऐकू आलं याची मनात नोंद केली.

पंधरा दिवसांपूर्वी हे त्याच्या ध्यानातही आलं नसतं. रोजच्या रस्त्यावर कोणता ड्रायव्हर प्रत्येक पूल मनात धरून ठेवतो? हात आपोआप चालतात, मन दुसरीकडे असतं, घरी, नाहीतर कोळशाच्या डब्यात. लढाई संपून दीड वर्ष झालं तरी पेट्रोल पुरेसं मिळत नव्हतं आणि मालक कौतिकशेठची मोटार अजून मागच्या लोखंडी पिंपातल्या कोळशाच्या गॅसवर धावत होती. सकाळी तो पेटवायचा, वाटेत दोनदा ढवळायचा. त्या धुराने डोकं जड व्हायचं, डोळ्यांपुढे क्षणभर काजवे यायचे, सगळ्याच ड्रायव्हरांना यायचे. यापूर्वी असं काही झालं की तो म्हणायचा, कोळसा. आता तसं म्हणायची सोय राहिली नव्हती. आता प्रत्येक वेळी दोन कारणं शेजारी शेजारी उभी राहायची, कोळसा आणि ते दुसरं, आणि त्यांतलं कोणतं खरं हे ठरवायचं ते त्याच डोक्याने, ज्याच्यावर संशय होता.

ते दुसरं धुळ्याला सुरू झालं. त्याचा धाकटा भाऊ भिकन याला वयाच्या अकराव्या वर्षापासून फीट येत असे. आता तो तेवीसचा होता. पारोळ्याजवळच्या त्यांच्या गावात तो आईबरोबर राहायचा, शेतात खपायचा. त्याला विहिरीवर एकट्याला जाऊ देत नसत, बैलगाडी हाकू देत नसत, लग्नाचं तर कोणी नावच काढत नसे. एकदा चुलीजवळ पडला तेव्हा डावा पंजा भाजून बोटं आखडली होती. आईने म्हणजे मंजुळाबाईने सगळं केलं होतं. नाकाशी कांदा, पायताण, पिंपळनेरच्या पुढच्या एका भगताकडच्या तीन अमावस्या. मग शालिग्राम मोटारीवर लागला आणि धुळ्याच्या डॉक्टर आठल्यांचं नाव एका उतारूकडून त्याच्या कानावर आलं. डॉक्टर बारीक अंगाचे, बोलताना शब्द शोधत थांबणारे. त्यांनी आधी भिकनच्या कवटीचा एक्सरे काढला. आईने तो फोटो उजेडाला धरून बघितला आणि पदराने झाकून परत दिला. "जित्ता माणूसना आसा फोटू काढू नही," एवढंच ती म्हणाली. फोटोत काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं आहे, आपल्याला हाडाच्या आतलं बघायचंय, ते यात दिसत नाही. मुंबईला पाठीच्या कण्यातून हवा भरून मेंदूचा फोटो काढतात, पण तो त्रास मी या पोराला देणार नाही. पांढऱ्या गोळ्या दिल्या. महिन्यात चारदा येणारी फीट एकदा येऊ लागली.

आणि मग गेल्या पावसाळ्यानंतर डॉक्टरांनी ते यंत्र आणलं. देवळालीच्या छावणीत लष्कराचं जुनं सामान विकलं जात होतं, त्यात त्यांना मिळालं होतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांनी तांब्याच्या जाळीचं एक कोंबड्यांच्या खुराड्यासारखं घर बांधून घेतलं होतं, कारण बाहेरच्या विजेची कुरकुर आत शिरता कामा नये. "मेंदूत वीज असते," त्यांनी शालिग्रामला सांगितलं होतं. "फार थोडी. तुमच्या मोटारीच्या बॅटरीपुढे काहीच नाही. पण ती हलते आणि हे यंत्र तिचं हलणं कागदावर काढतं." जाळीतल्या खुर्चीवर भिकनला बसवलं, डोक्याला ठिकठिकाणी तारा चिकटवल्या. चिकटवायच्या औषधाचा वास गोड आणि डोकं फिरवणारा होता. बाहेर टेबलावर कागदाची लांब पट्टी सरकू लागली आणि शाईच्या बारीक पेनांनी तिच्यावर रेघा ओढायला सुरुवात केली. "डोळे मिटा. उघडा. आता जोरजोरात श्वास घ्या, मी थांबा म्हणेपर्यंत." दुसऱ्या मिनिटाला पेनं एकदम उसळली. तीक्ष्ण टोक आणि मागून गोल लाट, टोक आणि लाट, सगळ्या रेघांवर एकाच वेळी. भिकन खुर्चीत ताठ झाला. डॉक्टर जाळीत धावले आणि शालिग्राम मात्र कागदाकडेच बघत राहिला. बारा वर्षं त्याने भावाची फीट बाहेरून बघितली होती, तोंडाचा फेस, वाकडी मान. आतून ती इतकी नेमकी असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

भिकन शुद्धीवर येऊन आडवा झाल्यावर डॉक्टर सहज म्हणाले, "तुम्ही बसता का? मी घरच्या माणसांचेही आलेख घेतोय. अभ्यासासाठी." शालिग्राम आनंदाने बसला. यंत्रं त्याला आवडायची, कोणतीही. श्वास घेता घेता बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, तांब्याची जाळी जवळ आल्यासारखी वाटली. डॉक्टर थांबा म्हणाले तेव्हा तो थांबला. तारा काढल्या. डॉक्टर बराच वेळ कागदाची घडी उलगडत, मिटत बसले.

"तुम्हाला कधी काही झालंय? लहानपणी? पडलात, काही हरवल्यासारखं?"

"नाही."

"बरं." त्यांनी कागदावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या. "इथे, या दोन खुणांच्या मध्ये, भिकनसारखाच टोक-लाटांचा एक झुबका आलाय. चार सेकंदांचा. घाबरायचं नाही. अशा घरांतल्या अगदी धडधाकट माणसांतही हे सापडतं. अमेरिकेत मोजलंय, निम्म्यांहून जास्तांत. त्यांतल्या बहुतेकांना जन्मात एकदाही फीट येत नाही."

"मग मला काय आहे?"

"कदाचित काहीच नाही. कदाचित ते चार सेकंद तुम्ही इथे नव्हता." डॉक्टर थांबले. "चूक माझी आहे. मी त्या वेळी कागदाकडे बघत होतो, तुमच्याकडे नव्हतो बघत. तुम्हाला काही बोलायला सांगितलं असतं तर कळलं असतं." मग कागद गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

शालिग्रामने सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना खूप वेळ लागला. शेवटी ते म्हणाले की हा कागद अभ्यासाचा आहे, तुमच्या शेठला दाखवायचा नाही, मला तो अधिकार नाही आणि तेवढी खात्रीही नाही. महिन्याने या, पुन्हा बघू. तोवर जपा. कशाला जपायचं हे त्यांनी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही ते माहीत नव्हतं.

तेव्हापासून शालिग्राम जपत होता. मैलाचे दगड तो मोठ्याने वाचायचा. उखर्डूनानाला बोलत ठेवायचा, नानाच्या मेहुण्याच्या म्हशीची गोष्ट त्याने चारदा ऐकली, कारण गोष्ट सलग लागली तर मधे काही तुटलेलं नाही. पण मग गोष्टीतला एखादा शब्द निसटायचा आणि तो ऐकलाच नाही की मोटारीच्या खडखडाटात बुडाला, हे कळायचं नाही. मागे चोवीस माणसं असायची. आधी ती उतारू होती. आता ती त्याला एकेकटी दिसू लागली. पाळध्याला उतरणारी कोष्टीण, जळगावच्या बाजाराला मिरच्या नेणारा म्हातारा, आईच्या कडेवर झोपलेलं मूल. आरशात तो त्यांची तोंडं बघायचा. आपल्याला काही झालं तर ते पहिल्यांदा यांना कळेल. आपल्याला नाही. या विचाराशी तो येऊन थांबायचा. मरणाची त्याला तितकी भीती नव्हती, त्याला भीती होती ती न कळण्याची. एखादा माणूस आपल्या घरातून उठून जावा, परत यावा आणि घराला पत्ताही लागू नये, तसं आपल्याच डोक्यात घडत असेल तर त्याचा पुरावा आपण कुठे शोधायचा?

मग तो मागे शोधू लागला. भिकनला पहिली फीट आली ती दुपार. दोघं मळ्यात होते, मोटेचं पाणी पाटातून चाललं होतं, शालिग्राम सतरा वर्षांचा होता आणि पाटाचं दार मोडून पाणी वाफ्यात घेत होता. भिकन पाटाच्या कडेला बसून चिखलाचे बैल करत होता. यानंतर त्याला जे आठवत होतं ते असं की आई धावत येतेय, भिकन पाटात पालथा पडलाय आणि आपण फावडं धरून उभे आहोत. आईने भिकनला उपसून काढला होता. नंतर कित्येक वर्षं ती सांगायची, हा पोरगा भ्याला, लाकडासारखा उभा राहिला. त्यालाही तेच वाटत आलं होतं, की आपण भ्यालो. त्या लाजेपोटी त्याने भावाला पुढे जन्मभर सांभाळलं. पण आता तो पुन:पुन्हा त्या दुपारी परत जायचा आणि त्याला भीती सापडायची नाही. चिखलाचे बैल सापडायचे आणि एकदम आई सापडायची. मधली जागा कोरी होती. भ्यालेल्या माणसाला निदान भ्याल्याचं तरी आठवेल.

घरी, जळगावच्या जुन्या गावातल्या दोन खोल्यांत, तो बायकोला म्हणजे सुनंदाला विचारायचा, "मी आता बोलता बोलता थांबलो का?" पहिले दोन दिवस ती नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "थांबता. सगळेच थांबतात. मीही थांबते." मग तिने भाकरी थापायची थांबवली आणि विचारलं, "काय झालंय ते सांगा तरी." त्याने सांगितलं नाही. चार वर्षांची शकू भिंतीला टेकून बसली होती, समोर बघत होती, पापणी हलत नव्हती. त्याने तिला हाक मारली. तिने बघितलं नाही. त्याने पुन्हा हाक मारली, इतक्या जोरात की ती दचकून रडायला लागली. सुनंदाने तिला उचलून घेतलं. "लेकराकडे असं बघत जाऊ नका," ती म्हणाली. "पंधरा दिवस बघतेय मी. ती भिते तुम्हाला."

अंजनीचा पूल हरवला तो याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर पाळधी गेलं, पुढे बांभोरीशी गिरणेचा उतार लागला. नदीवर दगडी फरशीचा बुटका पूल होता, बाजूला कठडा नव्हता, आणि जानेवारीचं संथ, हिरवं पाणी दोन्ही अंगांना उभं होतं. फरशी ओलांडायला पाऊण मिनिट लागायचं. पाऊण मिनिटात चार सेकंद कितीदा बसतात, हा हिशोब त्याच्या डोक्यात आपोआप झाला आणि त्याने ब्रेक दाबला. मोटार उतारावरच थांबली. "उतरा बठ्ठा," तो म्हणाला. "गाडीमा काय तरी आवाज शे. फरशी पायी उतरा, मी तिकडे घेस." माणसं कुरकुरली. मिरच्यांचा म्हातारा म्हणाला की आवाज तर रोजच असतो. पण उखर्डूनाना उतरला आणि त्याच्या मागे सगळे उतरले, गाठोडी डोक्यावर घेऊन ओळीने फरशीवरून चालू लागले. शालिग्राम त्यांची पाठ पलीकडच्या काठावर चढेपर्यंत बघत राहिला. मग रिकामी मोटार घेऊन तो एकटा फरशीवर आला. त्या पाऊण मिनिटात त्याला फार मोकळं वाटलं. पलीकडे उखर्डूनाना वाट बघत उभा होता. चढून बसता बसता तो हळूच म्हणाला, "आवाज गाडीमा नही शे, शालिग्राम."

कौतिकशेठ जळगावच्या अड्ड्यावर मोटारीच्या बोनेटला टेकून पान खात होते. शालिग्रामने त्यांना सगळं सांगितलं, जाळीची खोली, रेघा, पेन्सिलीच्या दोन खुणा. शेठनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "तुला फीट आली का?"

"नाही."

"कोणी बघितली का?"

"नाही."

"आठ वर्षांत तुझ्या हातून एक कोंबडी मेली नाही. कागदाला फीट आली असेल तर कागदाला गोळ्या दे म्हणावं." ते हसले, मग त्याच्या तोंडाकडे बघून गंभीर झाले. "हे बघ, तुझ्यासारखा माणूस मला मिळणार नाही. चार दिवस आईकडे जा. झोप काढ. तोताराम नेईल गाडी. आणि शालिग्राम, हे कोणापाशी बोलू नकोस. मोटारीत मग कोणी बसणार नाही." त्याला अडवणारं कोणी नव्हतं. डॉक्टरला अधिकार नव्हता, शेठला गरज होती, सुनंदाला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन त्याने तिला सांगितलं. तिने शकूच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग तिने विचारलं, "भिकनभाऊजींना विचारलंत?" त्याला नवल वाटलं. बारा वर्षांत भिकनला कोणी काही विचारलं नव्हतं. सगळे त्याच्याबद्दल एकमेकांना विचारायचे.

गावी शेवटची वेचणी चालली होती. आई घरी होती, भिकन एकटा वावरात, कमरेला ओटी बांधून, आखडलेल्या पंजाने बोंड धरून चांगल्या हाताने कापूस ओढत. शालिग्राम शेजारची ओळ धरून वेचू लागला. उन्हं अजून कोवळी होती. अर्धी ओळ झाल्यावर त्याने विचारलं, "भिकन, जवय ते व्हस, तवय तुले काय वाटस?"

भिकनने त्याच्याकडे बघितलं. प्रश्न चुकून आपल्याला आला की काय, असं त्याचं तोंड झालं होतं. "काहीच नही," तो म्हणाला. "मी उभा ऱ्हास, मंग मी जमीनवर ऱ्हास. मधमा काहीच नही शे."

"मंग तुले कळस कसं?"

"लोकेस्ना तोंडं देखीसन."

दोघं वेचत राहिले. भिकनच्या ओटीत कापूस गच्च झाला तसा त्याने तो दाबून बसवला. मग शालिग्रामकडे न बघता तो म्हणाला, "तू बी एकदाव थांबी गयथा."

शालिग्रामचा हात बोंडावर राहिला. "कवय?"

"दिवाईले. गोठामा. तुना हातमा दोर व्हता. मी तीनदाव हाक मारी. तू माले देखे, पन तू तठे नव्हता. मंग तू बैल बांधा नि बोलाले लागा."

"तू सांगं काब्र नही?"

भिकनने एक बोंड उघडलं, आतली अळी बोटाने उडवली. "सांगावर काय व्हस ते माले माहीत शे," तो म्हणाला. "तुनी मोटार शे. वहिनी शे. पोर शे. माले वाटनं, याले ऱ्हाऊ दे."

शालिग्राम बांधावर जाऊन बसला. त्याला वाटलं होतं की हे कोणी खरं म्हणून सांगितलं तर आपण कोसळू. पण छातीतली जी गाठ पंधरा दिवस आवळत होती ती सैल झाली आणि तिच्या जागी एक साधं, जड दु:ख येऊन बसलं, ज्याला तोंड होतं. गोठा, दोर, दिवाळी. कुणीतरी आपल्याला बघितलं होतं आणि दयेने लपवलं होतं. गेल्या दिवाळीपासून आपण किती माणसं गिरणेपलीकडे नेली हे मोजायचा त्याने प्रयत्न केला आणि सोडून दिला. भिकन येऊन शेजारी बसला. दुपारी आईने भाकरी आणली तेव्हा शालिग्रामने तिला सांगितलं की उद्या दोघं धुळ्याला डॉक्टरांकडे जाणार आहेत. "दोन्ही?" तिने विचारलं. "दोन्ही," तो म्हणाला.

सकाळी पारोळ्याला मोटार आली ती तोताराम चालवत होता. शालिग्रामला बघताच त्याने चाकामागून उतरून आळस दिला. "ये भाऊ, बैस. मनी तं कंबर मोडी गयी. धुळापर्यंत तूच ने." दार उघडं होतं. आसनावरची गादी शालिग्रामच्याच बैठकीची झाली होती, मधे खोलगट, उजवीकडे फाटलेली. उखर्डूनाना पेटी घेऊन पायरीवर उभा होता, शालिग्रामकडे बघत होता. मागची माणसं, ओळखीची, वाट बघत होती. कोणीतरी हाक मारली, "शालिग्रामभाऊ, चला, उशीर व्हस."

शालिग्राम मागच्या दाराने चढला. "मी नही चालावत," तो म्हणाला. तोतारामने थट्टेने विचारलं, काय झालं, शेठशी भांडण? शालिग्रामने आजूबाजूला बघितलं. हळू बोललं असतं तर तोतारामलाच ऐकू गेलं असतं, पण ही माणसं रोज त्याच्या मागे बसत आली होती. "माले फीट येस," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "धाकलाले येस तशीच. डॉक्टरनी कागदवर देखी. आते मी मोटारवर बसाव नही."

तोताराम क्षणभर उभा राहिला, मग चाकामागे जाऊन बसला. मागे पिंपात उखर्डूनानाने कोळसा ढवळल्याचा आवाज आला. शालिग्राम बाकावर रिकाम्या जागी टेकला. शेजारच्या बाईच्या मांडीशी पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती, त्याच्याकडे टक लावून बघत होती. बाईने तिला दंडाला धरून उचललं आणि आपल्या दुसऱ्या बाजूला, खिडकीकडे बसवलं. पदर सावरला, गाठोडं थोडं ओढून घेतलं. त्याच्या आणि तिच्यामध्ये हातभर जागा रिकामी झाली. शालिग्राम त्या जागेकडे बघत राहिला. मग मागून चढलेला भिकन, बारा वर्षं अशा जागा बघत आलेला, पुढे आला आणि त्या जागेत बसला.